गावाकडची जमीन आणि वीस वर्षांची योजना

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



बोनसवर बोलणारे बोलून गेले, घरांवर बोलणारेही बोलून गेले. आमच्या वाट्याला आलेल्या विषयाचं नाव ऐकलं की निम्मी सभा चहाला बाहेर जाते. प्रादेशिक योजना! नाव सरकारी, कागद सरकारी, आणि नकाशा असा की उभा धरावा की आडवा तेच कळत नाही. पण जरा दम धरा. तुमच्या भाताच्या खाचराला कोणता रंग लावायचा ते याच नकाशात ठरतं. हिरवा लागला तर शेती, जांभळा लागला तर कारखाना, पिवळा लागला तर इमारती. आणि दोन रेघा मधनं ओढल्या तर तुमच्या खळ्यातून रस्ता. तुम्ही इकडे साच्यावर उभे असता, आणि तिकडे रंग लागून वाळलेला असतो.

आमच्यात मुंबईच्या गिरणगावात वाढलेले आहेत, भिवंडीच्या मागावर बारा-बारा तास उभे राहणारे आहेत, इचलकरंजी-सोलापूरकडच्या सूतगिरण्यांतले आहेत. पण ज्याला विचाराल त्याचं सातबाऱ्यावरचं नाव गावात आहे. बापाचं असेल, चुलत्यांबरोबर सामाईक असेल, चार गुंठे असेल, पण आहे. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा आमच्या बापांना महिनोन् महिने कुणी जगवलं? त्या चार गुंठ्यांनी जगवलं. म्हणून आमचं म्हणणं असं की हा विषय पगाराइतकाच कामगाराचा आहे.

सगळ्या महाराष्ट्राचं बोलत बसलो तर सकाळची पाळी बुडेल. तेव्हा आम्ही कोकणचंच बोलणार. घाटावरच्या भावांनी रागावू नये, त्यांचंही मधे येणारच आहे.

आधी जुना हिशेब. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. दहा वर्षांत भोरघाट फोडून रूळ वर गेले, कारण कापूस खाली आणायचा होता. कोकणात काही कापूस पिकत नाही. कोकणात पिकतो माणूस, आणि माणूस आणायला रूळ लागत नाहीत, तो आपला बोटीनं येतो! आमचे आजे-पणजे असेच आले. खोताच्या जमिनीत राबून पोट भरेना, म्हणून भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मुकादमाच्या ओळखीनं खात्यात लागले. त्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. अमावास्येला घरी निघालेली कष्टकरी माणसं होती. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानं. आणि कोकणची रेल्वे सगळी सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. मोजा. १८५३ ते १९९८, एकशे पंचेचाळीस वर्षं.

आता कोणी म्हणेल, तेव्हा योजनाच नव्हती, त्याला काय करणार? आम्ही म्हणतो, योजना होती. रस्ता नाही म्हणून धंदा नाही, धंदा नाही म्हणून तरुण पोर मुंबईला, आणि पोर मुंबईला म्हणून गावात म्हातारी माणसं, बायका आणि मनीऑर्डर. गिरणीला स्वस्त मजूर मिळत राहिला. ही योजना कुणी कागदावर लिहिली नव्हती एवढंच.

१ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य झालं. त्यासाठी शंभराहून जास्त माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या आणि त्यांत गिरणी कामगार किती होते ते या सभेला सांगायला नको. राज्य भाषेवर झालं, ते कशाकरता? मंत्रालयातला कागद गावच्या माणसाला वाचता यावा, त्याच्या जमिनीचं त्याला विचारून ठरावं, याकरताच ना?

संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूनं उभे राहिलेले एक मोठे अर्थशास्त्रज्ञ होते, पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी होते ते हेच. १९६५ साली सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मुंबई-पनवेल आणि पुणे हे भाग वेड्यासारखे वाढत चालले होते, त्यांना वळण कसं लावायचं हा प्रश्न होता. शहराचा नकाशा एकट्या शहराचा काढून भागत नाही, भोवतालचा सगळा प्रदेश एकत्र धरून योजना केली पाहिजे, हा या विचाराचा गाभा. मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला.

हा कायदा आम्ही एका वकील मित्राकडून वाचून घेतला. खोटं कशाला बोला, कायदा चांगला आहे. प्रादेशिक योजनेत काय काय यावं ते त्यात सांगितलं आहे. कोणती जमीन राहण्याला, कोणती कारखान्याला, कोणती शेतीला, कोणती जंगलाला. रस्ते, रेल्वे, जलमार्ग. पिण्याचं पाणी, पाटबंधारे, वीज, पुराचा बंदोबस्त. जमिनीची धूप थांबवणं, झाडं लावणं, नदीकाठ आणि तळी राखणं, रानातली जनावरंसुद्धा. म्हणजे वाढ, वाहतूक आणि राखण ही तिन्ही एकाच कागदावर एका वेळी बसवायची. मागावर ताणा आधी लावतात, मग बाणा. ताणा निम्मा लावून कुणी धोटा फेकतो का?

पण झालं काय? कायदा पहिल्यानं लागला तो मुंबईच्या भागाला. त्याची योजना १९७३ ला मंजूर झाली. त्याआधीच, १९७० साली, नवी मुंबई वसवायला महामंडळ निघालं आणि ठाणे, पनवेल, उरण या बाजूच्या ९५ गावांच्या जमिनीवर बोट ठेवलं गेलं. भातशेती होती, मिठागरं होती. भाव असा दिला की त्यात म्हैस यावी. जानेवारी १९८४ मध्ये जासईला शेतकरी उभे राहिले, दि. बा. पाटील त्यांचे पुढारी. गोळीबार झाला, पाच जण मेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारनं मान्य केलं. ध्यानात घ्या, ते नकाशात आधी नव्हतं. पाच माणसं मेल्यावर आलं.

दुसरा दाखला आपल्या घरचाच. गिरण्यांच्या जमिनीचा. १९९१ च्या नियमात असं होतं की गिरणीची जमीन विकायची-बांधायची झाली तर तिचे तीन वाटे. एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक गोरगरिबांच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि हे वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे करायचे असं झालं. आता गिरणीच्या आवारात मोकळी जमीन किती असते ते आम्हांला विचारा. त्रासन खातं, साचाखातं, गोदाम, चिमणी, उरलं काय तर सायकली लावायची जागा! कोर्टात तंटा गेला, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम केला. गिरणगावात आज जे मनोरे दिसतात ते त्या बदललेल्या ओळीवर उभे आहेत.

हे एवढं का सांगितलं? कारण जे परळ-लालबागला झालं तेच राजापूर-मालवणला होऊ शकतं, आणि तिथं तर मोर्चा काढायला माणूसही उरलेला नाही. घराला कुलूप आणि चावी मुंबईत.

आता वाहतुकीचं घ्या. कोकण रेल्वे ही साधी गोष्ट नव्हे. नाथ पैंनी ती मागितली, मधू दंडवत्यांनी मागितली, १९९० मध्ये महामंडळ झालं, ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम झालं. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, आठ वर्षांत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. महाराष्ट्र राज्यानं तिच्यात २२ टक्के भांडवल घातलं, म्हणजे तुमच्या-आमच्या करातलं. तिचा आम्हांला अभिमान आहे. गणपतीत तीन माणसांच्या बाकावर सात जण बसून जातो तरीसुद्धा आहे!

पण ज्या स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द आहे ते स्टेशन गावात नाही असं खुशाल समजावं. राजापूर रोडला उतरलेल्या माणसाला राजापूर अजून लांब असतं. सावंतवाडी रोडचं तेच. पहाटे तीनला गाडी सोडते, हातात बोचकी, काखेत पोर, आणि बाहेर रिक्षावाला सांगेल तो भाव. सगळा मार्ग एकेरी. २०२१ ला रोहा ते वीर एवढा तुकडा दुहेरी झाला. समोरून लांब पल्ल्याची गाडी आली की आपली बाजूला उभी. १९९९ पासून मालाचे ट्रक गाडीवर चढवून नेण्याची सोय झाली, कोलाडला चढवायचे आणि गोव्यात उतरवायचे. फार चांगली कल्पना, डिझेल वाचलं, घाटातले अपघात वाचले. पण मधल्या गावातल्या बागायतदाराच्या आंब्याला त्यात काय मिळालं? त्याची पेटी आपली टेम्पोनं वाशीला. मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं, बारा वर्षांनी २०२३ मध्येही ते पुरं झालेलं नव्हतं. खड्ड्यांचे फोटो दरवर्षी गणपतीच्या आधी पेपरात, हाही एक सणच झाला.

आमचा मुद्दा असा. मोठा मार्ग हा जाणाऱ्याचा असतो. राहणाऱ्याला लागतो तो साकव, वाडीपर्यंतची पक्की वाट, वेळेवर येणारी एस.टी., खाडी ओलांडणारी बोट, आणि गाडी येईपर्यंत मासळी-आंबा ठेवायला थंड कोठार. दाभोळ-धोपावे फेरीबोट बघा. एक साधी बोट, माणसं, मोटारसायकली, ट्रक सगळं घेते, आणि दापोली-गुहागर हे दोन तालुके काही मिनिटांत जोडते, नाहीतर खाडीला वळसा घाला! असल्या गोष्टीला भूमिपूजनाचा मोठा मांडव लागत नाही. म्हणूनच कदाचित ती कुणाला सुचत नाही. योजनेत हजारो कोटींच्या रस्त्याची रेघ जाड असते आणि साकवाची रेघच नसते. जाड रेघेच्या दोन्ही बाजूंची जमीन आधी कोण घेऊन ठेवतो, हे तुमच्या गावातल्या तलाठ्याला विचारा. नकाशा जाहीर व्हायच्या आधी वर्षभर शहरातल्या गाड्या गावात फिरताना दिसतात, त्या काय देवदर्शनाला येतात?

तिसरी गोष्ट राखणीची. इथं आमच्यातलेच काही लोक बिचकतात. झाडं वाचवा, डोंगर वाचवा म्हटलं की त्यांना वाटतं रोजगार गेला, घर बांधायला चिरा काढायचीही बंदी येणार. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. पण डोंगराचं आणि गिरणीचं नातं काय ते आधी बघा. १९१५ साली खोपोलीला पाण्यावर वीज झाली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे मुळशीचं धरण. मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ ला सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी गावं पाण्याखाली गेलीच. म्हणजे आमच्या आज्यांच्या हातचा पट्टा फिरला तो दुसऱ्या कष्टकऱ्याच्या बुडालेल्या शेतावर. मग कोयना. धरणात गेलेली माणसं सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगवली गेली. घाटावरच्या भावांनो, तुमचं मधे येणार म्हटलं होतं ते हे.

कोयनेचं ६७.५ टी.एम.सी. पाणी वीज करून पश्चिमेला सोडायची मुभा पाणी-लवादानं दिलेली आहे. ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटर, आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर! वर पाऊस, शेजारी नदी, मधे हंडा घेऊन चढण चढणारी बाई. हे पाणी आणि हा पाऊस डोंगरउतारावर कसा अडवायचा, हा योजनेचा पहिला प्रश्न हवा होता. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं आहे, जंगल आहे ते खाजगी मालकीचं. म्हणजे तुमचं-आमचं. मुंबईत पैशाची नड लागली की आपणच ते कोळशाला, लाकडाला ठेकेदाराला देतो. तोडीचे पैसे एकदाच मिळतात आणि झरा आटतो तो कायमचा. त्या मालकाला झाडं उभी ठेवण्याबद्दल दरसाल काही देण्याची तरतूद योजनेत असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. उपदेशानं झाडं राहत नाहीत.

आता एक बाब मुद्दाम ऐका. त्या धनंजयरावांचे चिरंजीव माधवराव गाडगीळ. २०१० साली केंद्र सरकारनं सह्याद्रीच्या सगळ्या रांगेचा अभ्यास करायला त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे खास बघायला सांगितले होते. ऑगस्ट २०११ ला अहवाल गेला आणि कपाटात बसला. माहितीच्या अधिकारात मागणी झाली, कोर्टापर्यंत गेली, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. त्यांचं मुख्य म्हणणं असं की कुठे काय राखायचं आणि कुठे काय चालू द्यायचं याचा शेवटचा शब्द ग्रामसभांचा असावा. सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी तर आपण होऊन ठराव केले होते की आमचं गाव संवेदनशील म्हणून धरा, आम्हांला खाण नको. पण गावात पोचलं काय? ‘गाडगीळ आले तर चूलसुद्धा पेटवू देणार नाहीत.’ खाणवाल्याला असं पसरवणं सोयीचंच होतं. मराठीत अहवाल हातात असता तर वाडीतल्या पोरानं वाचून दाखवला असता आणि थाप तिथंच पडली असती.

पुढे कस्तुरीरंगन समिती आली, तिचा अहवाल २०१३ ला. मग मसुदे. पहिला मार्च २०१४ ला, सहावा ३१ जुलै २०२४ ला. ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरच्या वर प्रदेश, त्यातला महाराष्ट्राचा १७,३४०. राजपत्र हिंदीत आणि इंग्रजीत. हरकतीला साठ दिवस, आणि तेही जुलै-अखेरपासून, म्हणजे लावणी-बेणणीचे दिवस आणि पाठोपाठ गणपती! वायनाडला केरळात ३० जुलैच्या पहाटे डोंगर खाली आला, दोनशेच्या वर माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी हा सहावा मसुदा. आपल्याकडे २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये डोंगराखाली गाडलं गेलं, ऐंशीच्या वर माणसं. त्याच दिवशी चिपळूण पाण्यात. दहा वर्षं मसुदे लिहिताहेत, आणि डोंगर काही मसुद्याची वाट बघत नाही.

कारखाना नकोच असं आम्ही म्हणत नाही. आम्ही कारखान्याचीच माणसं. पोरांना गावातच काम मिळावं, त्यांनी आमच्यासारखं एका खोलीत दहा जणांनी पाळीपाळीनं झोपू नये, असं आम्हांला वाटतं. पण लोटे-परशुरामला रासायनिक वसाहत आली आणि दाभोळ खाडीतल्या भोयांच्या जाळ्यात मेलेली मासळी येऊ लागली. शंभर जणांना खात्यात घ्यायचं आणि हजार जणांची खाडी मारायची, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? काजू, आंबा, मासळी, बांबू, लाकूडकाम यांवरचे लहान कारखाने, ओढ्याचं पाणी परवडेल एवढेच, आणि रेल्वेच्या स्टेशनाला धरून. त्यासाठी स्टेशनजवळची जागा नकाशात आत्ताच राखून ठेवायला हवी. उशीर झाला की तिथं बंगल्यांचे प्लॉट पडलेले असतील.

हे सगळं ठरवायचं कुणी? घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं, १९९३ पासून, जिल्हा नियोजन समिती सांगितलेली आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून जमिनीचा वापर, पाण्याची वाटणी, निसर्गाची राखण यांचा आराखडा तिनं करायचा. आपल्याकडे पालकमंत्री तिचे अध्यक्ष. आणि चर्चा कशावर? यंदाचा निधी कुणाच्या गटात किती, यावर. वीस वर्षांचा विचार पाच वर्षांच्या माणसावर सोपवला की असंच व्हायचं.

शेजारी गोव्याकडे बघा. तिथं २००६ मध्ये प्रादेशिक योजना जाहीर झाली. लोकांनी नकाशे मागवले, चर्चच्या आवारात, देवळाच्या सभामंडपात अंथरले, आणि बघतात तो डोंगर-शेतं सगळी पिवळी! आंदोलन उठलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. नंतरची योजना २०१२ मध्ये स्थगित झाली, तेव्हा एकदा जिंकलं की झालं असंही नाही. पण नकाशा साध्या माणसाला वाचता येतो एवढं त्यांनी दाखवलं.

आपल्या कायद्यात प्रारूप योजना जाहीर झाल्यावर हरकती घ्यायला निदान चार महिने द्यावे लागतात. चार महिने पुष्कळ झाले, जर आपल्याला पहिल्या दिवशी कळलं तर. मुंबईत आपली गावोगावची ग्रामस्थ मंडळं आहेत, वर्गणी काढून देऊळ बांधतात, पाखाडी बांधतात. प्रत्येक मंडळानं दोन पोरं या कामाला लावावीत, एक मुंबईत, एक गावात. नकाशाची प्रत आणायची, मराठीत नसेल तर मराठीत मागायची आणि ती मागणी हरकतीतच पहिल्या ओळीला लिहायची. आपला गट नंबर शोधायचा. मग गावातल्या म्हाताऱ्याला शेजारी बसवून त्या नकाशावर पेन्सिलीनं भरायचं: पाणवठे, वहाळ, देवरहाटी, गुरचरण, मसणवट, जुनी घाटवाट, डोंगराला भेगा पडल्यात ती जागा, पाणी चढतं ती रेषा. सर्व्हेवाल्याच्या उपग्रहाला हे दिसत नाही, म्हाताऱ्याला दिसतं.

हरकत साध्या कागदावर चालते. गाव, तालुका, गट नंबर, कोणत्या रंगाला हरकत आणि का, आणि त्याऐवजी काय हवं. जमीन सामाईक असेल तर भावकीच्या सगळ्यांच्या सह्या. एका गावातून एकच लांबलचक अर्ज देऊ नका, घरटी एक द्या. दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर पडल्याशिवाय त्या टेबलावरनं हलू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बसून राहा.